बेडकाच्या डोक्यातलं ‘थांब’

पाईकराव मॅडम चहा आधी हुंगत आणि मग पीत. कप हातात आला की तो गोल फिरवून बघत, कुठं टवका उडालाय का, नीट विसळलाय का याची खात्री करत, मग नाकाशी नेत, जरा थांबत आणि मगच पहिला घोट घेत. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हा कार्यक्रम रोज होई. चहावाला बदलला, दूध बदललं, प्राचार्य किती आले आणि किती गेले, पण मॅडमचं हुंगणं काही सुटलं नाही. त्या प्राणिशास्त्राच्या, मी रसायनशास्त्राचा, आणि आमच्या खुर्च्या शेजारी. जन्मभर प्रयोगशाळेत वास घेत आलेला माणूस मी, पण त्यांच्या त्या वास घेण्याचा मला राग यायचा. कारण बहुतेक वेळा चहा मी सांगितलेला असे, आणि आपण आपुलकीनं पाजलेल्या चहाची कुणी अशी झडती घेतली तर ते लागणारच.

एकदा न राहवून मी विचारलं, “मॅडम, मी काय विष कालवलंय का त्याच्यात?”

“तुमी काहून कालवाल?” त्या म्हणाल्या. मग परत एकदा वास घेऊन, “पण तुमी काहून न्हाई कालवणार, ते बी मला म्हाईत न्हाई ना, कदम सर.”

मी माझा चहा पिऊन टाकला.

मॅडम बुटक्या होत्या, आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत पोचणारा. जाड भिंगांचा चष्मा, इस्त्रीची सुती साडी आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कुठल्याही खोलीत त्या एकदम शिरत नसत. दाराशी थांबून आत कोण आहे, कोण कुठं बसलंय, हे आधी बघून घेत. नव्या पोरांना वाटे मॅडम रागावल्यात. रागावलेल्या नसत, नुसत्या बघत असत. ‘बघू’ हा त्यांचा आवडता शब्द. सहलीला येता का, तर बघू. पोराच्या लग्नाला नक्की यायचं हं मॅडम, तर बघू. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होतो हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कधीमधी तो खरोखरच ‘बघू’ असतो, हे कळायला त्याहून जास्त.

कळमनुरीच्या आठवडी बाजारात माळणी त्यांना लांबून ओळखत. वांगं घ्यायचं तर प्रत्येक वांगं देठापासून बुडापर्यंत फिरवून बघणार. तराजूवर ठेवलं की पारडं पार स्थिर होईपर्यंत पैसे काढणार नाहीत. एका माळणीनं वैतागून म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय, “मॅडम, काटा बराबर हाये, सरकारी शिक्का हाये त्याच्यावर.” मॅडम म्हणाल्या, “म्हणून तर म्हणून राहिले बाई, थांबू दे त्याला.”

कौतुकाचं तर त्यांना वावडं होतं. एकदा मी म्हटलं, “मॅडम, आजची साडी छान आहे.” त्यांनी पेपर तपासणं थांबवलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “काम सांगा, सर.” वाईट याचं वाटलं की काम होतंच. माझी शनिवारची सुपरव्हिजनची ड्यूटी त्यांना घ्यायला सांगायची होती.

हा संशय त्यांच्यात कुठून आला, याबद्दल स्टाफरूममध्ये प्रत्येकाचं वेगळं मत होतं. कुणी म्हणे एकटं राहून असं होतं. कुणी म्हणे जास्त शिकल्यानं होतं. मी माझ्या आईला गावाहून, जवळा बाजारहून, इकडे राहायला आणलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं मला बजावलं, “त्या बेडकाच्या बाईच्या घरचं काही खाऊ नको बरं.” बेडकांमुळं खाऊ नको की आणखी कशामुळं, ते आईनं सांगितलं नाही, पण मला कळायचं ते कळलं. मॅडमनाही असली वाक्यं न सांगता कळत असणार. एकदाच, कसल्याशा समारंभात ताटं मांडली जात असताना, त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या होत्या, “आमची माय म्हणायची, आधी कप बघ, मंग चहा बघ, मंग देणाऱ्याकडं बघ. गावात आमच्यासाठी कप येगळा ठेवायचे, सर. मायला कप पाहिला की घर कळायचं.” एवढं बोलून त्या ताट घ्यायला उठल्या. पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही.

बेडकाची बाई हे नाव आईनं ठेवलेलं नव्हतं, अख्ख्या कॉलनीनं ठेवलं होतं. नांदेड रस्त्याकडेच्या कॉलनीत मॅडमचं छोटं घर होतं, मागं अंगण आणि अंगणात एक हौद. त्या हौदाच्या ओल्या कडेला, कुंड्यांच्या बुडाशी, खडबडीत पाठीचे मातकट बेडूक राहत. त्यांना भेक म्हणतात हे मला मॅडमनीच सांगितलं. मॅडमची पीएच.डी. याच प्राण्याच्या डोळ्यांवर आणि मेंदूवर होती. कॉलेजात बेडूक कापणं बंद झालं त्या दिवशी त्या खूश दिसल्या होत्या. “पुरे झालं,” म्हणाल्या, “मी कापायचे तेवढे कापले. आता नुसतं बघायचं.”

त्यांचं ते बघणं मी एकदा वर्गात बसून पाहिलं. माझा तास रिकामा होता आणि प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पंखा चांगला चालायचा, एवढंच कारण. काचेच्या पेटीत एक भेक बसवलेला. मॅडमच्या हातात विणायची सुई आणि सुईच्या टोकाला काळ्या पुठ्ठ्याची अरुंद पट्टी. ती पट्टी त्यांनी आडवी धरून लांबीच्या दिशेनं, अळी चालते तशी, सरकवली. भेक वळला, पुढं झाला आणि पट्टीवर जीभ मारली. मग तीच पट्टी त्यांनी उभी धरली आणि तशीच बाजूला सरकवली. भेक जागच्या जागी थिजला. अंग चोरून बसला.

“पट्टी तीच,” मॅडम म्हणाल्या. “मंग ह्याला झालं काय?”

पोरं पेटीकडे वाकली.

“डोळा सांगतो, काहीतरी हललं. मेंदूच्या वरच्या भागाला वाटतं, हललं म्हणजे खाणं, घे झेप. पण त्याच्याच पुढं आणखी एक भाग हाये. तो म्हणतो, थांब. आधी बघ काय हाये ते. हे ‘थांब’ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन पोचवायला मेंदू एक बारीक पदार्थ वापरतो. न्यूरोपेप्टाइड वाय. तो येऊन डोळ्याकडून येणारी घाई दाबून धरतो.”

मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, “मॅडम, तो भाग काढून टाकला तर?”

“तर बेडूक जे हलंल त्याच्यावर झेप घेतो. माझ्या हातावर घेतो, एवढ्या मोठ्या पुठ्ठ्यावर घेतो, सोताच्या पायावर घेतो. समोर साप आला तरी त्याला ते खाणंच वाटतं.”

“लई भोळा होत असंल,” पोरगी म्हणाली.

“भोळा न्हाई. डोळे चांगले असून आंधळा होतो.” मॅडमनी सुई खाली ठेवली. “लोक संशयाला नावं ठेवतात. माझ्या बेडकाला विचारा म्हणावं.”

पोरं हसली. मीही हसलो. पण मला तेव्हा वाटलं होतं की बाईंनी आपल्या स्वभावाची सोय म्हणून विषय निवडला असावा. आता वाटतं, विषयानंच स्वभाव घडवला असेल. दोन्ही शक्य आहे, आणि आता विचारायची सोय राहिलेली नाही.

त्या पीएच.डी.च्या काचपट्ट्या मॅडमच्या घरी सागवानी कपाटात होत्या. भेकाच्या मेंदूचे पातळ काप काचेवर चिकटवून रंगवलेले. ते ‘थांब’ ज्या पेशींतून निघतं आणि जिथं पोचतं, तिथं म्हणे तपकिरी धुळीसारखे ठिपके दिसतात. म्हणे, कारण मी पाहिले नव्हते. कुणीच पाहिले नव्हते. विद्यापीठात असताना त्यांच्या मार्गदर्शकानं त्यातल्या काही पट्ट्या परिषदेला नेल्या आणि त्या दुसऱ्याच कुणाच्या नावावर छापून आल्या. त्यानंतर मॅडमनी उरलेल्या पेट्या उचलल्या आणि एसटीनं, मांडीवर घेऊन, कळमनुरीला आणल्या. कंडक्टर म्हणाला वर टाका, तर म्हणाल्या, “तुमच्या लेकराला वर टाकता का?” तेव्हापासून कपाटाची किल्ली कमरेला होती.

एकदा बाहेरगावचे एक मोठे प्राध्यापक आले. गोड बोलणारे. मॅडमच्या कामाबद्दल त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, त्या पट्ट्या बघायच्या होत्या, मिळून पेपर लिहू म्हणत होते. मॅडमनी त्यांना घरी नेलं, सोबत मलाही बोलावलं. साक्षीदार म्हणून बोलावलं असणार, हे माझ्या नंतर लक्षात आलं. चहा झाला. प्राध्यापक म्हणाले, “मग दाखवताय ना?” मॅडम उठल्या, त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि बंद कपाटासमोर उभं केलं. “बघा,” म्हणाल्या, “सागवानी हाये.” एवढंच दाखवलं. पाहुणे गेल्यावर मी पोट धरून हसलो. मग त्याच झपाट्यात म्हणून टाकलं, “मॅडम, पेप्टाइड म्हणजे माझ्याच विषयातली गोष्ट. मला तरी दाखवा एखादी पट्टी.”

मॅडमनी किल्ल्यांचा जुडगा कमरेला नीट खोचला.

“मी एक माणूस शोधून राहिले, सर,” त्या म्हणाल्या. “ज्याला दाखवलं तर मागं वळून बघावं लागणार न्हाई असा.”

“मग?”

“बघू.”

मी मनात धरून बसलो. लहान पोरानं धरावं तसं. हे ‘बघू’ खरं ‘बघू’ असावं असं मला फार वाटत होतं.

कॉलनीला काचपट्ट्यांचं काही माहीत नव्हतं, पण कॉलनीचा संशय मॅडमच्या संशयापेक्षा कमी नव्हता. ही बाई बेडकाच्या पाठीचं विष काढते. बेडूक परदेशात पाठवते. करणी करते. शेजारच्या शकुंतलाबाईंची शेळी मेली तेव्हा त्यांनी भिंतीला फट आहे का ते बघायला माणूस लावला होता. मॅडमना हे सगळं कळे. त्या शकुंतलाबाईंना भिंतीवरून सांगत, “फट तुमच्या बाजूनं हाये, बाई. माझे बेडूक घाबरून राहिलेत तुमच्या शेळ्यांना.”

एका साली जून कोरडा चालला होता. कॉलनीतली पोरं धोंडी काढायची म्हणून मॅडमच्या दारात आली. आमच्याकडे पाऊस लांबला की पोरं काठीला लिंबाचा पाला आणि बेडूक बांधून घरोघर फिरवतात, आणि प्रत्येक घरची बाई त्यावर पाणी ओतते. आता कोरड्या सालात बेडूक कुठं मिळणार, तर मॅडमच्या हौदापाशी. मॅडमनी पोरांची उलटतपासणी घेतली. किती वेळ फिरवणार, कशानं बांधणार, उन्हात का सावलीत, आणि परत कोण आणून देणार.

“आमी देतो ना मॅडम,” पोरं म्हणाली.

“तुमी जिता द्याल याची हमी?”

पोरांकडे हमी नव्हती. पण मॅडमनाही नाही म्हणवेना. मॅडम आत गेल्या, ओल्या फडक्यात एक भेक घेतला आणि पायांत चपला सरकवल्या. “काठी राहू द्या,” म्हणाल्या. “बेडूक मी धरते.”

आणि विज्ञानाच्या प्राध्यापक पाईकराव मॅडम, ज्यांचा पावसाच्या बाबतीत हवामान खात्यावरही विश्वास नव्हता, दोन्ही हातांत फडकं धरून पोरांच्या पुढं कॉलनीभर फिरल्या. पाणी बेडकावर ओतायचं, म्हणजे मॅडमवरच. ज्या बायका वर्षानुवर्षं त्यांना टाळत आल्या होत्या, त्या घागरी घेऊन बाहेर आल्या. शकुंतलाबाईंनी तर अख्खी बादली रिकामी केली, आणि शेळीची कसर काढली असं मला आजही वाटतं. मॅडमच्या केसांतून पाणी निथळत होतं, चष्मा नाकावर घसरला होता, आणि त्या हसत होत्या. बेडकाला हौदापाशी सोडल्यावर मात्र त्यांनी त्याची पाठ, पोट, पाय सगळं उलटसुलट तपासलं. पाऊस आला की नाही, ते मला आठवत नाही.

आणि मग निवृत्तीला वर्षभर राहिलं असताना, एका दुपारी स्टाफरूममध्ये मॅडमनी मी दिलेला चहा घेतला आणि सरळ तोंडाला लावला.

मी बघतच राहिलो. हिंदीच्या सरांनी मला कोपरानं ढोसलं. मॅडमनी घोट घेतला, “मस्त हाये,” म्हणाल्या आणि बशीतलं बिस्किट उचललं, तेही न फिरवता. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन बायकोला सांगितलं, “पाईकराव मॅडमनी आज माझ्या हातचा चहा तसाच पिला.” ती म्हणाली, “पेढे वाटा मग.” मी खरंच वाटले असते.

पुढचे काही महिने स्टाफरूम फार खुशीत होती. मॅडम सुधारल्या, असं सगळे म्हणत. मॅडम कुणाच्याही डब्यातलं खाऊ लागल्या. साडीचं कौतुक केलं की लाजू लागल्या. प्राचार्यांनी कसला तरी कागद पुढं केला तर न वाचता सही केली, आणि प्राचार्य स्वतःच घाबरून म्हणाले, “मॅडम, वाचा तरी.” किल्ल्यांचा जुडगा टेबलावर राहू लागला. बाजारातून किडकी वांगी येऊ लागली. आम्हा शिकलेल्या माणसांना वाटलं, निवृत्ती जवळ आली की माणूस निवळतो. आम्ही त्यांचं अभिनंदन करत होतो. आजही ते आठवलं की मला स्वतःची आणि त्या सगळ्या खोलीची लाज वाटते.

एका सकाळी फोन आला. हट्टा गावाहून कुणी अनोळखी माणूस बोलत होता. “तुमच्या एक मॅडम हायेत इथं. तुमचा नंबर त्यायनं तोंडपाठ सांगितला.” कळमनुरीच्या स्टँडवर एका मोटारसायकलवाल्यानं त्यांना सहज विचारलं होतं, मावशी, सोडू का कुठं. आणि त्या मागं बसल्या. कुठं जायचं ते सांगितलंच नाही. बिचारा त्याच्या वाटेनं निघाला होता. वाटेत त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, शेवटी स्वतःच्या घरीच घेऊन गेला. मी गाडी करून तिथं पोचलो तेव्हा मॅडम परक्या घराच्या ओसरीवर मांडी घालून शेंगा फोडून खात होत्या.

“मॅडम, ही माणसं ओळखीची आहेत?”

“आता झाली ना,” त्या म्हणाल्या आणि शेंगांची मूठ माझ्यापुढं केली.

तो माणूस भला होता. पण भला नसता तरी मॅडम बसल्याच असत्या. परतीच्या वाटेवर मला काचेची पेटी आठवली आणि मागच्या बाकावरच्या त्या पोरीचा प्रश्न आठवला, तो भाग काढून टाकला तर? माझा नंबर त्यांनी कधी पाठ केला असेल, आणि काहून, हे मी त्या दिवशी त्यांना विचारलं. त्या नुसत्या हसल्या.

नांदेडच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. पुढचा भाग सुकत चाललाय म्हणाले. यावर औषध नाही, सांभाळा, एकटं सोडू नका, कुणीही काहीही म्हणालं तरी या हो म्हणतील. मॅडम डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. एरवी त्यांनी डॉक्टरांची पदवी कुठली, ते मशीन कधीचं, हे सगळं विचारून त्यांना घाम फोडला असता. मी बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो आणि रडलो. बेडकाचं आणि माणसाचं सारखंच असतं असं मी म्हणत नाही, मॅडमनी ते मला बोलू दिलं नसतं. पण त्यांच्या डोक्यातलं ‘थांब’ निघून चाललं होतं, एवढं मला डॉक्टरांपेक्षा चांगलं कळलं होतं.

मॅडमना सांभाळायला त्यांच्या बहिणीचा मुलगा प्रशांत आला. नांदेडला कुठल्याशा कंपनीत होता, इथं राहून लॅपटॉपवर काम करतो म्हणाला. शांत, नम्र, पाया पडणारा. मला त्याचा पहिल्या दिवसापासून संशय येतो. इतकी वर्षं हा कुठं होता? घरावर डोळा असेल का? नम्र माणसाचं काय काम असतं, हे मॅडमनीच मला शिकवलं होतं.

एके दिवशी कॉलनीच्या वळणावर मला लहान पोरं दिसली. एकानं डोळ्याला काचेची पट्टी लावून सूर्याकडे बघायचं चालवलं होतं. मी हातातून घेतली तर काचेवर तपकिरी डाग आणि कोपऱ्यात मॅडमचं बारीक अक्षर.

“कुठून आणली रे?”

“मॅडमनी दिली. सगळ्यायला देऊन राहिल्या.”

मी धावतच मॅडमच्या घरी गेलो. कपाट सताड उघडं होतं. मॅडम पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर पेटी, आणि दूधवाल्याला एक पट्टी देत होत्या. “घे ना, लई सुंदर हाये,” म्हणत होत्या. दूधवाला ती पुसून खिशात ठेवत होता. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

“या सर. हे घ्या तुमाला.” त्यांनी पेटीतली पुढची पट्टी उचलून माझ्या हातात दिली.

इतकी वर्षं जिची वाट पाहिली, ती माझ्या हातात होती. दूधवाल्यानंतरची. मी ती उजेडाला धरली नाही. मॅडमनी मला दाखवली असती तर पाहिली असती. ही त्यांनी दाखवलेली नव्हती.

“प्रशांत,” मी ओरडलो, “तू काय करत होतास?”

“आत मीटिंग चालू होती, सर,” तो बाहेर येत म्हणाला. “मला वाटलं, जुन्या काचा हायेत. मावशी खूश दिसली म्हणून काही बोललो न्हाई. काय होतं ते?”

त्याला खरंच माहीत नव्हतं की माहीत नसल्याचं दाखवत होता, ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

मग मी आणि तो कॉलनीत घरोघर फिरलो. धोंडी फिरली होती त्याच वाटेनं. कुणी पट्टी देवापुढं ठेवली होती, कुणी फोटोच्या चौकटीत खोचली होती. काही पोरांच्या हातून फुटल्या होत्या. शकुंतलाबाईंनी त्यांची पट्टी पदरात बांधून ठेवली होती. ती सोडताना त्यांचे डोळे भरून आले. “मॅडम आपणहून माझ्या दारात आल्या हो,” त्या म्हणाल्या. “धोंडीचा दिवस सोडला तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी कशी न्हाई म्हणू?” मिळाल्या तेवढ्या पट्ट्या आणून मी कपाटात ठेवल्या, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या खिशात टाकली. प्रशांत बघत होता. मॅडमही बघत होत्या, पण त्यांना काही हरकत नव्हती. हरकत घेतली असती तर मी ती किल्ली त्यांच्या पायाशी ठेवली असती.

आता मी रोज संध्याकाळी तिकडे जातो. मॅडम अंगणात हौदापाशी खुर्चीवर असतात. भेक त्यांच्या चपलेजवळ येऊन बसतात, एखादा किडा हलला की मान वळवतात, काही मोठं हललं की थिजतात. मॅडम मला ओळखतात असं वाटतं, पण त्या तशाच हसून गॅसवाल्याकडेही बघतात, त्यामुळं खात्री देता येत नाही.

काल प्रशांतनं चहा आणला. ट्रेमध्ये दोन कप. मॅडमनी लगेच दोन्ही हात पुढं केले. मी मधेच एक कप उचलला. तो गोल फिरवून पाहिला, कपाच्या कानाजवळ टवका उडालाय का पाहिलं, मग नाकाशी नेला आणि थांबलो. आलं होतं, साखर जरा जास्त होती, बाकी काही नव्हतं.

प्रशांत ट्रे धरून उभा होता. त्याच्या तोंडाकडे बघितलं तर त्याला लागलेलं दिसत होतं. मला ते लागणं चांगलं ओळखीचं होतं.

“काय झालं, सर?” तो म्हणाला.

“काही न्हाई,” मी म्हणालो, आणि कप मॅडमच्या हातात दिला.